मार्लिसला सांभाळून घ्या

हातघंटा वाजवणाऱ्या माणसाला सबंध गाणं कधीच येत नाही. बाहेरच्यांना हे पटत नाही, पण खरं आहे. आमच्या ऑस्टरविलच्या घंटावृंदात आम्ही तेरा जण. लांबलचक टेबलांमागे एका ओळीत उभे राहतो, प्रत्येकाच्या वाट्याला दोन स्वर, दोन हातांत दोन घंटा. आपला स्वर आला की घंटा हलवायची, संपला की खांद्याला टेकवून गप्प करायची, आणि उरलेला वेळ मनातल्या मनात आकडे मोजत उभं राहायचं. मी वीस वर्षं ए आणि बी हे दोन स्वर वाजवते आहे. मला नाताळचं एखादं गाणं गुणगुणायला सांगितलंत तर मी अधूनमधून दोन सूर काढीन आणि बाकी वेळ तोंड मिटून मोजत बसेन. माझ्या नवऱ्याच्या, हार्लनच्या, अंत्यविधीला मी हेच केलं होतं. पाद्रीबुवांना वाटलं, बाई हुंदका आवरते आहे.

तर आमच्यात शेजाऱ्यावाचून कुणाचं चालत नाही. आणि शेजारी म्हणून माझ्या नशिबी आला ऑर्लिन टेस्मर.

ऑर्लिनने एकतीस वर्षं गाडीच्या परवान्याच्या परीक्षा घेतल्या. अर्धं गाव त्याच्या हातून नापास झालंय, त्यातली मी दोनदा. नापास करताना हा माणूस कधी 'वाईट वाटतं' वगैरे म्हणत नसे. कागदावर फुली मारायचा, कागद फाडायचा आणि हातात द्यायचा. निवृत्त झाला तरी खिशातली छोटी वही आणि पेन्सिल काही सुटली नाही. रस्त्यावर कोण कसं वळण घेतं, कोण दिवा न लावता निघतं, सगळं त्या वहीत. कुणी मागितलेलं नाही, कुणाला द्यायचंही नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

आमचं भांडण एका घंटेवरून. त्याच्याकडे एफ आणि जी, माझ्याकडे ए आणि बी. त्याच्या जी आणि माझ्या ए यांच्या मधोमध एका अर्ध्या स्वराची घंटा असते. पुस्तकात एखाद्या गाण्यात तो स्वर त्याच्या जीच्या नावावर लिहिलेला असतो, एखाद्यात माझ्या एच्या नावावर. घंटा तीच. दोन शेतांच्या बांधावरच्या झाडासारखी तिची गत. तो म्हणणार सावली माझी, मी म्हणणार फळं माझी. ऑर्लिनने टेबलावरच्या गादीला निळी चिकटपट्टी लावून हद्द आखली होती, आणि ती दर हंगामाला बोटभर माझ्या बाजूला सरकायची. मी विचारलं की म्हणायचा, "मार्लिस, पट्टी सरकत नसते. माणसं सरकतात." अशी एकोणीस वर्षं गेली. पहिलं वर्ष तेवढं सुखाचं होतं, तेव्हा तो आलेला नव्हता.

यंदा सप्टेंबरात नाताळच्या कार्यक्रमाची नवी पुस्तकं आली. आमच्यात रीत अशी की, पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या पुस्तकात आपले स्वर रंगीत पेन्सिलीने गोल करून घ्यायचे. डाव्या हाताचे निळे, उजव्या हाताचे लाल. मग वाजवताना डोळा फक्त आपल्या गोलांवर. मी माझे गोल करून सहज शेजारी पाहिलं, तर ऑर्लिनने माझे स्वर गोल केले होते. माझा ए निळा, माझा बी लाल, अगदी ओळीने.

माझं डोकंच फिरलं. "ऑर्लिन, आता काय पट्टी सोडून सगळं शेतच घेणार का रे?"

"जे माझं आहे ते माझं आहे," तो शांतपणे म्हणाला आणि पुढचा गोल केला.

मी पुस्तक त्याच्या हातून ओढलंच. आमचा संचालक ब्राइस पलीकडे उभा होता, त्याला पुरावा दाखवायला निघाले. जाताजाता पान उलटलं. दहाव्या पानाच्या आकड्यातलं शून्य लाल होतं. विसाव्याच्या आकड्यातलंही. गाण्याच्या नावात जिथे जिथे इंग्रजी ओ अक्षर होतं तिथे निळा गोल. तळाला बारीक छापलेल्या सालातली दोन शून्यं, एक लाल, एक निळं. जे जे वाटोळं दिसलं ते त्याने आपलं म्हणून खुणावलं होतं, आणि प्रत्येक गोल असा सुबक की शाळेतल्या पोराला धडा म्हणून दाखवावा.

ब्राइसने विचारलं, "काय झालं मार्लिस?"

"काही नाही. पेन्सिल हवी होती."

ते पुस्तक मी पिशवीत घालून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर बसून सगळे गोल खोडले आणि त्याचे खरे स्वर त्याच्यासारख्याच सुबक गोलांनी भरले. ज्याच्याशी एकोणीस वर्षं भांडले त्याचा गृहपाठ मी करत होते. कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर माझी अब्रू गेली असती.

पुस्तक त्याच दुपारी त्यांच्या दारात ठेवून आले. गुरुवारी आयोन आली, ऑर्लिनची बायको. हातात लिंबाच्या वड्यांची ताटली. आयोन ताटली घेऊन आली की समजायचं, काहीतरी मागायचं आहे.

"पुस्तक तू दुरुस्त केलंस ना?" तिने बसता बसता विचारलं.

"कसलं पुस्तक?"

"अगं, मी त्याची बायको आहे. त्याचे गोल मी ओळखत नाही का? तू केलेले जरा चपटे आहेत."

मी कॉफी ओतली. ती म्हणाली, डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलंय, विसरण्याचा आजार आहे. हळूहळू वाढेल म्हणाले. ऑर्लिनला ते कबूल नाही, डॉक्टरला उजवा-डावा कळत नाही म्हणतो. मी म्हटलं, मग ब्राइसला सांगायला हवं, तोही माणूसच आहे. आयोनने ताटलीवरचा कागद सरळ केला.

"ब्राइस त्याला खुर्ची देईल, मार्लिस. पहिल्या रांगेतली. म्हणेल, तुम्ही आमचे सन्माननीय सभासद. आणि हा घरी येऊन विचारेल, मला का बसवलं? रोज विचारेल." तिने दुसरी वडी माझ्यापुढे सरकवली. "सहा दिवस त्याच्या शर्टाची बटणं मी लावते. मंगळवारी, सरावाच्या दिवशी, तो स्वतः लावतो. टाय बांधतो. सात वाजायच्या तासभर आधी दारात उभा असतो. मला तो एक दिवस हवाय. फार मागते आहे का मी?"

फारच मागत होती. पण लिंबाच्या वड्या मी आधीच दोन खाल्ल्या होत्या.

आता ऐका मी काय केलं. ऑर्लिन माझ्या डाव्या हाताला उभा राहतो. त्याचा उजवा बूट माझ्या डाव्या बुटाच्या शेजारी. त्याचा स्वर आला की मी त्याच्या बुटाच्या टोकावर पाय दाबायचा, म्हणजे जी. घोट्याला टेकवायचा, म्हणजे एफ. पहिल्या मंगळवारी त्याने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता वही काढतो. पण त्याचा हात मात्र उठला आणि घंटा बरोबर वाजली. डोकं विसरलं होतं, हात विसरला नव्हता. त्याला फक्त कुणीतरी 'आता' म्हणायला हवं होतं.

यात गोची एकच. त्याचे स्वर मोजायचे, माझे मोजायचे, त्याचा बूट शोधायचा आणि शिवाय ब्राइसकडे पाहून हसायचं. माणसाला डोळे दोन आणि ओळी चार. माझे स्वर सुटायला लागले. आधी आठवड्याला एक, मग तीन. वीस वर्षांत माझा स्वर कधी सुटला नव्हता, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगते.

ब्राइस तरुण आहे, शाळेत वाद्यवृंद शिकवतो, आणि येत्या मे महिन्यात आम्हाला सेंट पॉलला घंटावृंदांच्या राज्य मेळाव्याला न्यायचं त्याने मनावर घेतलेलं. ऑक्टोबरात एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "ऑर्लिन, तुमची प्रगती पाहून मला खरंच आनंद होतो. एकही स्वर चुकत नाही! सगळ्यांनी ऑर्लिनकडून शिकायला हवं." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "मार्लिस, तुम्ही जरा दमल्यासारख्या वाटता."

ऑर्लिनने मान तुकवून कौतुक स्वीकारलं. मला म्हणाला, "मोजत जा. मोजलं की जमतं."

माझ्या जिभेवर काय आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी सराव संपल्यावर ब्राइसने मला मागे थांबवून घेतलं. आमचा सराव अग्निशमन केंद्राच्या माडीवर होतो. बाकीचे घंटा पेटीत ठेवून हातमोजे काढत होते. पितळेला उघड्या हाताचा डाग पडतो, म्हणून शेवटपर्यंत मोजे काढायचे नाहीत असा नियम, आणि ऑर्लिन दारापाशी आपल्या डाव्या मोज्यात पाची बोटं एकाच भोकात घालून उभा होता. आयोन ती सोडवत होती.

ब्राइसच्या हातात ऑर्लिनच्या वहीचं फाडलेलं पान होतं.

"मार्लिस, हे बोलायला मला अवघड जातंय. ऑर्लिनने काही नोंदी करून दिल्या आहेत. तुमच्या काळजीपोटी, असं ते म्हणाले."

मी पान वाचलं. अक्षर थोडं वाकडं होतं, पण नोंदी चोख. 'मंगळवार. ए दोनदा सुटला. बी एकदा उशिरा. लाथा मारते. मंगळवार. ए सुटला. ओठ हलवते. लाथा मारते. डोळे भिरभिरतात. स्वतःच्या वयाची कल्पना नसावी.' आणि खाली, जुन्या सवयीने, एक फुली.

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, त्या अशा नीट तारीखवार मांडलेल्या मात्र पहिल्यांदाच पाहिल्या. राग असा आला की कान गरम झाले. एका वाक्यात सगळं संपवता आलं असतं. 'अरे बाळा, तुझा आदर्श वादक माझ्या डाव्या पायावर चालतो.' तोंड उघडलंसुद्धा.

"हे बघा," ब्राइस म्हणाला, "टीमच्या दृष्टीने, मला वाटतं यंदा तुम्ही विश्रांती घ्यावी. तुमच्या जागी मी कुणीतरी बघतो."

माझ्या जागी कुणीतरी. म्हणजे ऑर्लिनच्या शेजारी कुणीतरी, ज्याला त्याच्या बुटाचं काही माहीत नाही. मी खरं सांगितलं तर ऑर्लिन गेला. खरं सांगितलं नाही आणि मी गेले, तरी पुढच्या मंगळवारी ऑर्लिन गेलाच. दाराशी आयोनने शेवटचं बोट सोडवलं, आणि त्याने मोजा नीट घडी करून खिशात ठेवला. टाय सरळ होता.

मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणापुढे असा पडेल चेहरा केला.

"ब्राइस, खरं आहे त्याचं," मी म्हणाले. "अलीकडे मला... विसरायला होतं. मोजणी चुकते. पाय टेकवल्याशिवाय ठेका धरताच येत नाही."

ब्राइसचे डोळे भरून आले. पोरगा चांगला आहे, एवढंच वाईट. "अरे देवा. मार्लिस. डॉक्टरांकडे...?"

"जाऊन आले," मी ठोकून दिलं. "हळूहळू वाढेल म्हणाले. पण मंगळवार सोडू नका म्हणाले. ऑर्लिनसारखा पक्का माणूस शेजारी असेल तर माझं निभावेल. त्याच्या बुटाला पाय लावून उभी राहीन. तेवढी परवानगी दे."

परवानगी मिळाली. ब्राइसने ऑर्लिनला बोलावून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि माझी जबाबदारी त्याच्यावर सोपवली. ऑर्लिनने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बघतो काय करता येईल ते," तो म्हणाला. "पण लाथा हळू मार."

आता एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे मी काय गमावलं ते कळेल. मी चौतीस वर्षं ऑस्टरविलच्या पोस्टाच्या खिडकीत बसले. गावात अकराशे साठ टपालपेट्या, आणि कुणाची कुठली ते मला तोंडपाठ. कुणाचा मुलगा कुठल्या गावी, कुणाला कुणाचं पत्र येतं आणि कुणाचं यायचं बंद झालंय, सगळं. माझं रूप कुणी वाखाणलं नाही, स्वयंपाक तर नाहीच नाही. पण 'मार्लिसला विचार, तिच्या लक्षात असेल' हे वाक्य या गावात माझ्या मालकीचं होतं. ते मी माडीवर उभ्या उभ्या देऊन टाकलं.

फर्नला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं. फर्न आमच्यातल्या सगळ्यात बारीक घंटा वाजवते, आणि बातमीही तशीच वाजवते, चिमुकली पण दूरवर जाणारी. तिसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर पहिली हॉटडिश आली, आमच्याकडे आजाऱ्याच्या घरी पाठवतात ती. खाली खिमा, वर बटाट्याचे गोळे, वर चिकटवलेली चिठ्ठी, 'ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन नंतर बंद करा. – फर्न.' 'बंद करा'खाली दोन रेघा.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगपर्यंत नऊ आल्या. प्रत्येकीवर ठळक अक्षरांत सूचना. पोस्टात गेले तर माझ्या जागी बसलेली मुलगी, जिला मी स्वतः काम शिकवलं, मोठ्याने आणि सावकाश म्हणाली, "मार्लिस, आज बुधवार आहे बरं का!" मी म्हटलं, "ठाऊक आहे गं, आणि तुझ्या मागची चारशे बारा नंबरची पेटी उघडी राहिली आहे." ती हळूच शेजारणीला म्हणाली, "बघ, जुनं सगळं आठवतं त्यांना."

काय बोलणार? कुणाला पत्ता विचारायचा असेल तर लोक मला ओलांडून दुसऱ्याला विचारायला लागले. मी करायला गेले एक दिवसाचं पुण्य, आणि सातही दिवस फेडत बसले. आयोनला मी फोनवर दोनदा झापलं. ती गप्प ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "काल त्याने टाय बांधताना शीळ घातली." झालं. यावर माणसाने भांडायचं तरी कसं?

कारण ऑर्लिन खरंच बहरला होता. आपल्याला एका असहाय बाईला सांभाळायचं आहे, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, बाकीचं काहीही गळालं तरी. लवकर यायचा. माझी खुर्ची पुसायचा. माझं पुस्तक उघडून द्यायचा, बहुतेक वेळा उलटं. वहीत माझी प्रगती लिहायचा. एकदा तर ती मधली घंटा उचलून त्याने आपण होऊन माझ्या बाजूला ठेवली. "घे तू. तुला बरं वाटेल." एकोणीस वर्षं ज्या घंटेसाठी मी झगडले ती मला मिळाली, ती दया म्हणून. त्या दिवशी मी ती वाजवलीच नाही, इतका राग आला होता.

कार्यक्रम डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी, शाळेच्या व्यायामशाळेत. टेबलांना जमिनीपर्यंत काळं कापड, त्यामुळे पायांचं कुणाला दिसणार नव्हतं, तेवढंच बरं. सगळं गाव आलं होतं. मी माझ्या जागी उभी राहिले, डावा पाय सरकवला आणि दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. लाकडाच्या ओंडक्यावर दाबल्यासारखं वाटलं. मी वाकून पाहिलं. आयोनने त्याला नवे बूट घेतले होते, बर्फातले, जाड चामड्याचे, पुढे लोखंडी टोपी असलेले. कार्यक्रमाला नवीन हवं म्हणून, बिचारीने हौसेने.

ब्राइसने हात उचलला. पहिलं गाणं ऑर्लिनच्या जीनेच सुरू होतं.

"आता," मी ओठांतल्या ओठांत म्हणाले.

घंटा वाजली.

मग मी तेच केलं. सात गाणी. "आता. आता. डावा. थांब. आता." पुढच्या रांगेतून लोक पाहत होते. टेबलामागे एक म्हातारी स्वतःशी पुटपुटते आहे, आणि तिच्या शेजारी एक ताठ, देखणा म्हातारा एकही चूक न करता वाजवतो आहे. फर्नच्या बहिणीने डोळे टिपले ते मला दिसलं. माझे स्वर किती सुटले ते मी मोजले नाहीत. मोजायला आकडेच उरले नव्हते, सगळे त्याच्यासाठी खर्च झाले होते. पण ऑर्लिन कसा वाजवत होता म्हणून सांगू! हनुवटी वर, टाय सरळ, घंटा खांद्यावरून पुढे जाऊन गोल वळून पुन्हा खांद्याला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी म्हणायची आणि त्याचा हात उठायचा, जणू तो स्वर त्यालाच सुचला होता. मला मनापासून अभिमान वाटला, हे कबूल करते. कुणाचा, ते मात्र विचारू नका.

टाळ्या वाजल्या, लोक उभे राहिले. ब्राइसने ऑर्लिनला एक पाऊल पुढे बोलावलं आणि त्याला एकट्याला नमस्कार करायला लावला.

नंतर शाळेच्या खाणावळीत कॉफी होती. ब्राइस गालांवर लाली घेऊन आमच्या टेबलाशी आला. फर्न होती, आयोन होती, आम्ही दोघं होतो. सेंट पॉलच्या मेळाव्यासाठी मागच्या महिन्यात सरावाचं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. फर्नने किंकाळीच फोडली.

"फक्त एक आहे," ब्राइस म्हणाला, आणि माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला. माझा हात हातात घेतला. "मार्लिस, आज तुम्ही जे केलंत ते फार धाडसाचं होतं. सगळ्यांना ते भिडलं. पण सेंट पॉलला परीक्षक असतील, दोन दिवस, मोठं सभागृह. मला वाटतं आजचा कार्यक्रम हाच तुमचा सुंदर शेवट असावा. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. आमच्या सन्माननीय सभासद म्हणून. तुमच्या जागी फर्नची भाची उभी राहील. ऑर्लिन तिला सांभाळून घेतील."

आयोनचा कप बशीत वाजला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. माझ्याच तोंडाने रचलेलं खोटं, ते फिरून माझ्याच पायात अडकलं होतं. आता मी कितीही ओरडून सांगितलं असतं की विसरते ती मी नाही, तरी कोण ऐकणार? या आजाराचा माणूस नेमकं हेच तर म्हणतो. पोस्टातल्या मार्लिसला पहिल्यांदाच एकही शब्द आठवेना.

"नाही," ऑर्लिन म्हणाला.

ब्राइस हसला. "ऑर्लिन, तुम्ही तर येणारच आहात."

"ती नाही तर मी नाही." त्याने कप खाली ठेवला. आवाज तोच, गाडी बाजूला घ्यायला सांगतानाचा. "ही बाई भांडखोर आहे. लाथा मारते. घंटा माझी असून तिची म्हणते. आज तर सबंध वेळ बडबडत होती, मी ऐकलं. पण ती येते. टाय... ती तयार होऊन येते, वेळेवर. तू तिला पहिल्या रांगेत बसवशील, ती घरी जाऊन विचारेल, मला का बसवलं? मग काय सांगायचं तिला?"

ब्राइसने माझा हात सोडला.

"तुला वाटतं विसरणाऱ्या माणसाला कळत नाही," ऑर्लिन म्हणाला. "सगळे किती हळू बोलायला लागलेत, ते कळतं. लोक डोक्यावरून दुसऱ्याशी बोलतात, तेही कळतं. तुला नाही माहीत ते. मला माहीत आहे." तो थांबला, पुढचा शब्द कुठे ठेवलाय ते शोधल्यासारखा. मग माझ्याकडे वळला. "तिच्याकडे एवढा एक मंगळवारच आहे. तो काढून घेऊ नका."

ब्राइसची मान खाली गेली. "बरं," तो म्हणाला. "बरं, ऑर्लिन. दोघंही या."

आयोनने तोंडावर रुमाल धरला. आणि मी, जी हार्लनच्या अंत्यविधीला रडले नाही, ती त्या खाणावळीत कागदी रुमालांच्या ढिगापुढे हमसून हमसून रडायला लागले. फर्न उठून माझ्यामागे आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत सगळ्यांना खुणेने सांगू लागली, असू द्या, असू द्या, तिला काही कळत नाहीये.